उलटलेली कॉलर

माझ्या मुलाचा पगार आमच्या अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होता. मुलगा विमान चालवायचा, तेही परदेशात, आणि पगार तिकडच्या पैशांत. आमच्या शिलाईच्या दुकानासमोरचा न्हावी सकाळी पेपर उघडला की आधी परदेशी पैशाचा भाव बघायचा आणि गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून रस्त्यापलीकडून ओरडायचा, "काकू, आज बावीस!"

"साडेचार हजार गुणिले बावीस," खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणातून बोलायचं.

"नव्व्याण्णव हजार," मी मशीन न थांबवता सांगायचे. "लाखच धरा."

माझी शाळा दुसरीत सुटली, पण पावकी-निमकी अजून तोंडी येते. मापं घेणाऱ्या बाईला हिशेब यावाच लागतो, नाहीतर कापड वाया जातं. आणि तरी सहा वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून एकच चूक केली. पगाराला बावीसनं गुणत राहिलो. त्याच्या भाड्याला, दुधाला, बसच्या तिकिटाला गुणायचं एकालाही सुचलं नाही. मलासुद्धा नाही, आणि मी तर स्वतःला फार शहाणी समजायचे.

आमचं दुकान गणवेशांचं. शाळेतल्या पोरांचे, दवाखान्यातल्या बायकांचे, पहारेकऱ्यांचे, बँडवाल्यांचे. आमचे हे कापायचे, मी शिवायचे. खाली दुकान आणि लाकडी जिन्यानं वर गेलं की दोन खोल्या. दुपारी ओल्या कापडावर इस्त्री फिरली की तो वास जिन्यानं वर यायचा. अजून कुठं तो वास आला की मला वाटतं, हे खालून हाक मारतील, "अगं, चहा टाक."

मुलगा कटिंगच्या टेबलाखाली वाढला. कातरणींच्या ढिगात झोपायचा, उठला की केसांत रंगीत दोरे. सगळं डाव्या हातानं करायचा, म्हणून नाव पडलं डावऱ्या. सुई धरायला शिकवताना मी त्याला शेजारी बसवायचे आणि चुकलेल्या प्रत्येक टाक्याला टपली मारायचे. पोरगं रडायचं आणि टाका हमखास उलटा जायचा. एक दिवस ह्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "शेजारी बसून काय शिकवतेस? त्याच्या समोर बस. आरशात बघितल्यासारखं करेल तो." समोर बसले. अर्ध्या तासात पोरानं हातशिलाई उचलली. टाका मात्र कायमचा दुसऱ्या बाजूला झुकलेला. शंभर टाक्यांत मी तो ओळखला असता.

शाळा सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस आमच्याकडं नव्या कपड्यांपेक्षा जुनेच जास्त यायचे. सदऱ्याची कॉलर घडीवर विरते, बाकी सदरा धडधाकट असतो. मग ती उसवायची, उलटी करायची, खालची चांगली बाजू वर आणून परत बसवायची. सदरा आणखी दोन वर्षं अंगावर टिकतो. कॉलर उलटली की हे आतल्या पट्टीवर, बरोबर मानेच्या मागं, तीन आडवे टाके घालायला लावायचे. पुढं कुणी शिंप्यानं ती उसवायला घेतली तर त्याला कळावं, की ही एकदा उलटून झाली आहे, हिला आता दुसरी चांगली बाजू नाही.

"कशाला ही खूण?" मी वैतागायचे. "लोकांना वाटेल, आम्ही त्यांची गरिबी शिवून ठेवतो."

"बाहेरून कुणाला दिसतंय? आत खरं असलेलं बरं," हे म्हणायचे आणि पुढचा सदरा ओढायचे.

ते तीन टाके घालायचं काम डावऱ्याचं. दहा सदऱ्यांमागं त्याला खडूचा एक तुकडा मिळायचा. त्या खडूनं तो दुकानाच्या पायरीवर विमानं काढायचा. पायरीवर बसूनच खायचा, अभ्यास करायचा, बापाबरोबर संध्याकाळचा चहा प्यायचा. तो नववीत असताना हे गेले. त्यानंतरची सगळी वर्षं मी पायानं मशीन चालवून काढली. विमान शिकायला किती पैसे लागतात हे सांगताना बँकेतला साहेब स्वतःच मध्ये पाणी प्यायला. कर्ज डावऱ्याच्या नावावर झालं, जामीन त्याचा मामा राहिला. शिकून आला तेव्हा इथं नोकरी नव्हती. तिकडं मिळाली. लग्न झालं, सूनही तिकडं गेली, नात तिथंच जन्मली.

दर महिन्याला तो मला तिकडचे तीनशे पाठवायचा. गल्लीतल्या टॅक्सीवाल्याच्या मुलानं बापाला भलामोठा टीव्ही घेऊन दिला, त्या दिवशी मी फोनवर म्हटलं, "वैमानिकाची आई आहे मी. तीनशे म्हणजे कसं दिसतं ते?"

तो आधी "हं" म्हणाला. मग म्हणाला, "चारशे पाठवतो, आई."

त्या पैशांचं मी काय केलं? दुकानाला पुढून काच लावली, इकडून तिकडे चकचकीत. विजेवरची दोन मशिनं आणली. माझे पाय त्यांच्यापुढं बावरायचे, म्हणून ती कायम कापडाखाली झाकलेली. गल्लीच्या तोंडाशी जी शाळा आहे तिला वीस खुर्च्या दिल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर रंगवून घेतलं, 'वैमानिकाच्या आईकडून'. माझ्या पोटात त्यातला घास गेला नाही. सगळा लोकांच्या डोळ्यांत गेला.

मग शेजारचा औषधवाला दुकान मागायला लागला. त्याला मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचं होतं. अकरा लाख म्हणाला. मी मनात ठरवलं, दुकान द्यायचं, पैसे डावऱ्याच्या हातात ठेवायचे, त्यात त्यानं थोडे घालायचे आणि तिकडं झोकात घर घ्यायचं. पन्नास हजार इसार घेतला आणि डावऱ्याला कळू दिलं नाही. एकदम सांगणार होते. फोनवर एवढंच म्हटलं, "तुझ्याकडं यायचंय. तिकीट काढ."

वैमानिकाच्या आईला स्वस्तात तिकीट मिळतं हे खरं, पण ते कसलं, हे मला विमानतळावर कळलं. विमानात जागा उरली तर बसायचं, नाहीतर उद्या या. मी नवी चप्पल घालून, केसांना तेल लावून दोन दिवस त्या बाकावर बसले. काउंटरवरची मुलगी दर वेळी गोड हसून "नाही हो" म्हणायची. तिसऱ्या दिवशी शौचालयाशेजारची जागा मिळाली. म्हटलं, असू दे, मुलगा पुढं बसतो ना.

डावऱ्या मला घ्यायला आला तो गणवेशातच. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, पँटची घडी अशी की बोट कापेल. माझा ऊर भरून आला. गाडी कुठं लावलीस म्हणून विचारलं तर म्हणाला, "बस चांगली आहे, आई. दारात सोडते." बसनं दारात सोडलं आणि तिथून चार जिने. खाली कपडे धुवायचं दुकान, त्याची वाफ जिन्यात भरलेली. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. आतली खोली मला दिली. तिघं बाहेर झोपायचे, रात्री उलगडायच्या सोफ्यावर.

"मोठं घर बघतोय आम्ही," तो म्हणाला.

"बघाच," मी म्हटलं आणि मनात अकरा लाख हसले.

सून पूर्वी इथं शाळेत शिकवायची. तिकडं नवऱ्याच्या कागदावर आलेल्या बाईला नोकरी करता येत नव्हती. शांत बाई, पण जिभेला धार आहे. ती धार वापरायची वेळ तिला नीट कळते. खोली गरम करायचं यंत्र भिंतीला होतं. मी त्याची खुंटी पिरगाळायचे, माझी पाठ वळली की ही हळूच कमी करायची.

"लाखाच्या घरात थंडी वाजते होय गं?" मी एकदा बोललेच.

"लाख तिकडचा, आई. थंडी इकडची आहे," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली. मला ते उद्धट वाटलं. अर्थ कळायला दोन दिवस लागले.

नात पाच वर्षांची. तिला आम्ही ठकू म्हणायचो. ती माझ्या उशीचा अभ्रा सोडायला तयार नसायची. परक्या उशीवर मला झोप येत नाही म्हणून अभ्रा घरूनच नेला होता. जाड पांढऱ्या कापडावर बारीक निळी फुलं, दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांचा मीच शिवलेला. डावऱ्या लहानपणी त्याच्यावरच झोपायचा.

मंगळवारी तो सकाळी उड्डाण करून आला आणि झोपला. सून ठकूला आणायला गेली. मला हात रिकामे ठेवता येत नाहीत. दोरीवरचा त्याचा पांढरा शर्ट घेतला, म्हटलं, बटणं बघू, तिकडच्या मशीनची बटणं कुठं घट्ट असतात. कपाटात शर्ट मोजून तीन होते. हातातल्या शर्टाची कॉलर बोटांत आली आणि बोटं थांबली. वरची बाजू घडीवर नुकती विरायला लागलेली, खालची बाजू पार विरून मऊ. पट्टी उलगडली. आत, बरोबर मानेच्या मागं, तीन आडवे टाके. तिन्ही दुसऱ्या बाजूला झुकलेले.

मी खाटेवर बसले. घरात जागं कुणी नव्हतं हे बरं झालं.

दुपारी तो उठला, चहाचा कप घेऊन टेबलाशी बसला. सून गॅसपाशी होती, ठकू खडूनं चित्र काढत होती. मी शर्ट त्याच्यापुढं टाकला.

"हा कुठल्या शिंप्याकडं दिला होतास?"

त्यानं कॉलर बघितली, मग बायकोकडं बघितलं.

"तिच्याकडं काय बघतोस? हा डावरा टाका आहे."

"शर्ट चांगला होता, आई. टाकवेना."

"कंपनी देत नाही?"

"वर्षाला दोन देते. वरचे पगारातून कापतात."

"केवढ्याला?"

"साठ."

"मग कापू दे की! साडेचार हजारांत साठ म्हणजे काय? कोपऱ्यातली चिंधी!"

तो हसला. अगदी बापासारखा, तोंड न उघडता. "बाबा कापड मांडून बघायचे ना, पुरतंय का? तसं मांडू." त्यानं ठकूचं एक चित्र पालथं घातलं आणि पेन्सिल घेतली. "घरभाडं एकोणीसशे."

"ह्या दोन खोल्यांना?" मी तिथल्या तिथं गुणलं. बेचाळीस हजारांना दोनशे कमी. "एवढ्यात आपली गल्ली भाड्यानं मिळेल, न्हाव्यासकट!"

"विमानाच्या शिक्षणाचं कर्ज, आठशे. ठकूची शाळा साडेचारशे. खाणं सहाशे. वीज, बस, फोन तीनशे." पेन्सिल थांबली.

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"पुढं मी," मी म्हटलं. "चारशे. लिही."

त्यानं लिहिलं. बेरीज मी तोंडी केली, चार हजार चारशे पन्नास. उरले पन्नास. शर्ट साठाचा.

"तेसुद्धा महिना बरा गेला तर," सून गॅसपाशीच उभी राहून बोलली. "ह्यांचे पैसे विमान हललं की मोजायला लागतात. धुक्यामुळं सहा तास नुसतं बसून राहिले, तर ते तास कुणाचेच नाहीत."

"म्हणजे टीप घातली त्याचे पैसे आणि माप घेतलं त्याचे नाहीत?"

"अगदी तसंच."

"असलं गिऱ्हाईक मी दुकानाची पायरी चढू दिलं नसतं!"

मोठ्यानं बोलले, पण आतून पार उसवले होते. तीनशेचे चारशे मी करून घेतले होते. महिन्याला शंभर वाढीव, वर्षाचे बाराशे. साठाचा एक. माझ्या त्या एका फोनात पोराचे वर्षाला वीस शर्ट गेले होते. आणि त्यातून मी खुर्च्यांवर माझं नाव रंगवलं होतं, तेही नाव नव्हे, त्याचीच पदवी.

डावऱ्यानं कागदाची घडी केली आणि सहज बोलल्यासारखं बोलला, "आपल्या शहरात एक छोटी कंपनी निघालीय. पंख्यांची लहान विमानं. बोलावतायत मला. पंचेचाळीस हजार देतील, आपले. शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"पंचेचाळीस! अर्धेसुद्धा नाहीत!"

"हो. नाहीच म्हणणार आहे मी."

"का?"

"तू न्हाव्याला काय सांगशील?"

आता, एखाद्या शहाण्या आईनं ह्यावर काय बोलावं? मी काय बोलले ते सांगते. मी म्हटलं, "ते खरंय. नाहीच म्हण. लोक म्हणतील, कामावरून काढला."

सुनेच्या हातातलं भांडं खाली आपटलं नाही, पण ठेवल्याचा आवाज मला आला. डावऱ्या "हं" म्हणाला आणि ठकूला घेऊन खाली फिरायला गेला. ते वाक्य आज बारा वर्षांनीसुद्धा पाणी पिताना मध्येच आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी तो शर्ट घेऊन खिडकीशी बसले. त्याची दुसरी बाजूही विरत आली होती, आणि एकदा उलटलेली कॉलर परत उलटता येत नाही. त्यावर एकच इलाज असतो. शर्टाचा मागचा घेर, जो पँटमध्ये खोचला जातो, तिथून कापड काढायचं, त्याची नवी कॉलर करायची आणि घेराला दुसरं काहीही जोडायचं. कुणाला दिसत नाही. मशीन नव्हतं, कात्री स्वयंपाकघरातली, बोटात घालायचं अंगुस्तान माझं सोबत होतं. घेराला जोडायला कापड शोधलं आणि शेवटी माझ्याच उशीचा अभ्रा उसवला. ठकूनं जरा भोकाड पसरलं. उरलेल्यातून तिच्या बाहुलीला झगा कबूल केला, तेव्हा गप्प झाली.

सून येऊन उभी राहिली. "मला शिकवा ना, आई. त्यांना येतं आणि मला येत नाही, बरं दिसत नाही ते."

"मग उभी काय आहेस? बस."

ती शेजारी बसायला लागली. मी म्हटलं, "तू उजवी आहेस, शेजारी चालेल," आणि म्हणता म्हणता मला ह्यांचा आवाज ऐकू आला. सुई चालवत मी तिला सगळं सांगितलं. टपल्या, आरसा, खडूचे तुकडे, तीन टाके. ती ऐकत होती. मग म्हणाली, "झोपेत ते पाय हलवतात. आधी मला कळायचंच नाही काय करतात ते. तुमच्या मशीनचा पाय चालवतात, आई. विचारलं तर म्हणाले, लहानपणी मशीनच्या आवाजावरच झोप लागायची."

मी सुईत नवा दोरा ओवला.

"घरी गेलो की दुकानाच्या पायरीवर बसून चहा पिणार म्हणतात. दर वेळी रजा ठरते, दर वेळी तिघांच्या जाण्यायेण्याचा हिशेब करतात आणि म्हणतात, पुढच्या वर्षी."

ती पायरी मी विकायला काढली होती. पन्नास हजार घेऊनसुद्धा झाले होते.

पट्टी बसवायला घेतली तेव्हा त्याचे ते तीन टाके परत डोळ्यांपुढं आले. पोरानं माझ्यापासून भाडं लपवलं, कर्ज लपवलं, थंडी लपवली. फोनवर सहा वर्षं "मजेत आहे" म्हणाला. पण रात्री-बेरात्री विमानं चालवून येऊन, हातानं कॉलर उलटवून, ते तीन टाके घालायला चुकला नाही. ते कुणासाठी घातले होते त्यानं? तिकडं कुठला शिंपी ती उसवणार होता? त्यानं ते घातले तेव्हा ते वाचता येणारी माणसं जगात दोनच उरली होती, एक तो आणि एक मी.

गुरुवारी दुपारी शर्ट झाला. इस्त्री करून त्याच्या हातात दिला. त्यानं आधी कॉलर बघितली, मग शर्ट पालथा केला आणि निळी फुलं बघून मोठ्यानं हसायला लागला.

"हे खोचून मी विमान चालवू?"

"चालव. आकाशात कोण बघतंय तुझा पार्श्वभाग?"

ठकू हसून हसून लोळली. तेवढ्यात मी बोलून घेतलं, कारण हसण्यात बोललं की मान खाली घालावी लागत नाही. "उद्याची वाट कशाला बघतोस? त्या छोट्या कंपनीला आजच हो म्हणून कळव."

हसणं थांबलं. "आणि न्हावी?"

"त्याला मी बघते. वीस वर्षं त्याच्या पोरांचे गणवेश शिवलेत मी, त्याच्या पोरांची मापं माहीत आहेत मला." मग घसा साफ केला. "आणखी एक आहे. दुकान मी औषधवाल्याला द्यायचं ठरवलंय. इसार घेतलाय. तुला इथं घर घेऊन देणार होते."

"दुकान? आई! कितीला?"

"अकरा लाख," मी जरा मान ताठ करूनच सांगितलं.

त्यानं डोळे मिटले. ह्या वेळी गुणायचं नव्हतं, भागायचं होतं. "पन्नास हजार," तो म्हणाला. "एवढ्यात इथं न्हाणीघर येतं, आई. तेही लहान."

"नळासकट?" सून म्हणाली.

आम्ही चौघं त्या टेबलाशी किती वेळ हसलो! डोळ्यांतून पाणी आलं ते हसण्याचं की कशाचं, कुणी कुणाला विचारलं नाही. त्या घरात मी सगळे मिळून अकरा दिवस राहिले. दोन खोल्या, कुणाचा पाय कुणाला लागतोय, खालून ओल्या कपड्यांच्या वाफेचा वास, एकाच टेबलावर जेवण, अभ्यास आणि शिवण. दुकानावरच्या आमच्या खोल्या अशाच होत्या, हे असताना. आज ते दिवस आठवतात तेव्हा कुठल्या खोल्या आठवतात तेच नीट कळत नाही, त्या की ह्या.

परतीच्या बाकावर एकच दिवस बसावं लागलं.

घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता न्हाव्याच्या दुकानात गेले. दोघं खुर्चीत, तिघं बाकावर. मला तेवढेच हवे होते.

"काकू! आज तेवीस झाला!"

"होऊ दे. मुलगा परत येतोय. इथं लहान विमानं चालवणार. पगार पंचेचाळीस हजार, आपले. कुणी काढलेला नाही, मी बोलावलाय. कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ता माझ्या तोंडावर बोला, मागून बोललात तर पुढच्या वर्षी पोरांच्या चड्ड्या आखूड होतील."

टॅक्सीवाला तेवढा म्हणाला, "पण वहिनी, अर्ध्याहून कमी..."

"घरभाडं शून्य," मी म्हटलं. "गुणा शून्याला तेवीसनं."

औषधवाला इसार परत घ्यायला तयार होईना. पन्नास हजार दिले, वर काय पाहिजे ते माग म्हटलं. त्यानं दुकानाची चकचकीत काच मागितली. आनंदानं दिली. विजेवरची मशिनं विकून कर्जाचे काही हप्ते गेले. खुर्च्या मात्र परत मागता येत नव्हत्या. ठकू त्याच शाळेत गेली आणि पाच वर्षं 'वैमानिकाच्या आईकडून' ह्या अक्षरांना पाठ टेकून बसली. पोरं तिला चिडवायची. घरी येऊन ती मला चिडवायची.

नव्या कंपनीचा शर्ट फिका निळा, म्हणून तो पांढरा शर्ट कपाटात राहिला. मग ठकू चित्रं काढताना अंगात घालायला लागली. गुडघ्यापर्यंत यायचा आणि मागं निळी फुलं लोंबायची. आता ती सतरा वर्षांची आहे. शर्ट रंगांनी बरबटलाय, कॉलर अजून ताठ आहे. तिला मी आतली पट्टी उलगडून दाखवली. तिथं मीही तीन टाके घातले होते, आणि शेजारी एक चौथा. नवी कॉलर बसवलीय, एवढं कळावं म्हणून.

माझ्या पायांनी आता मशीन चालत नाही. दुकान सून बघते. डावऱ्या संध्याकाळी उतरला की गणवेश न बदलता पायरीवर बसतो, चहा पितो. कानशिलावर पांढरे केस आलेत, बापाला आले होते तिथंच.

परवा न्हाव्याला काय आठवलं कोण जाणे. पेपर उघडला आणि रस्त्यापलीकडून ओरडला, "काकू, आज एकतीस! तिकडं असता तर किती झाले असते!"

"भाडंही गुण, मेल्या!" मी ओरडले.

डावऱ्या पायरीवर हसायला लागला. न्हावी वस्तरा हवेत धरून खरंच हिशेब करत उभा राहिला, आणि गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळत राहिला.